थांबा म्हणणारा क्लॅरी

"आजपासून या किनाऱ्यावर पाखरांचं राज्य!" क्लॅरी पेंडलने वाळूत दांडा रोवून जाहीर केलं. ऐकायला शेजारीण डॉट आणि तिचा कुत्रा बिस्किट एवढेच हजर होते. बिस्किटने लगेच त्या दांड्यापाशी पाय वर केला.

दांड्यावर 'थांबा' अशी लाल पाटी होती. जन्मभर क्लॅरीने तीच धरून शाळेच्या पोरांना रस्ता पार करून दिला. निवृत्त होताना ती परत करायची तेवढी राहून गेली. आता दोरीच्या कुंपणाआड, वाळूतल्या उथळ खळगीत, काळ्या टोपीच्या चिखल्या पक्ष्याची दोन ठिपकेदार अंडी होती. पहिली खेप कोल्ह्याने खाल्ली, दुसरी जीपच्या चाकाखाली गेली. उन्हाळा सरत आलेला, ही शेवटची.

"कुत्र्याला पट्टा घाल, डॉट."

"घातलाय की, बाबा! तूच एक मोकाट आहेस इथं."

क्लॅरीने कुंपणालगत खुर्ची मांडली. एक जीप परतवली, चेंडू खेळणारं एक कुटुंब परतवलं, चिप्सवर टपलेले सीगल हाकलले. तरी मादी अंड्यांवर बसेना. पाण्याच्या कडेला तुरुतुरु पळायची, थांबायची, मान खालीवर करून त्याच्याकडे बघायची.

"काय हवंय तरी काय हिला?" क्लॅरीने आभाळात ससाणा शोधला, टेकाडावर कोल्हा शोधला. कुणीच नाही. वाळू तापत चालली होती. उघडी अंडी अशा वाळूत उकडून निघतात.

"जेवायला ये!" टेकाडामागून बायकोची, मोरीनची, हाक आली.

तो नाइलाजाने वर गेला. वळून पाहतो तो मादी सरळ धावत येऊन अंड्यांवर बसलेली! तो चार पावलं खाली उतरला, ती उठली. मागे सरला, ती बसली. पुन्हा उतरला.

"पाखराला कवायत शिकवतोयस का, म्हाताऱ्या?" मोरीन म्हणाली.

क्लॅरी मागे आला आणि टेकाडाच्या गवतात पालथा पडला.

"सगळ्यांना थांबवलं गं मी."

"हो. तिलासुद्धा."

खाली रिकाम्या खुर्चीशेजारी लाल पाटी उभी होती. मादीने पंख सैल सोडून अंडी नीट पोटाखाली घेतली. ऊन क्लॅरीच्या टकलावर आलं.

"मोरीन," तो कुजबुजला, "तुझी ती फुलाफुलांची टोपी देतेस जरा? माझी खुर्चीवर राहिली."