क्रेनचा हात हलला

"हलला गं, हात हलला!" सासूबाई गॅलरीतून ओरडल्या.

"वारा आहे, आई," क्रेनवाली सून आतूनच म्हणाली. काम बंद असलं की क्रेनचा लांब हात मोकळा सोडतात. वारा नेईल तिकडे तो वळतो. कर्जं महागली तशी समोरची इमारत अर्ध्यावर थांबली, आणि ही घरी बसली. सासूबाईंना हे शंभरदा समजावून झालं होतं. पण आशा सोडतील तर त्या सासूबाई कसल्या!

त्या दिवशी मात्र दोघी टीव्हीसमोर ठाण मांडून बसल्या. बिल्डरचा शब्द होता, मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवला की त्याच दिवशी काम सुरू. गव्हर्नरसाहेब आले, पाणी प्यायले, महागाईवर चऱ्हाट लावलं. क्रेनवालीचा जीव टांगणीला. मग ते म्हणाले, "बेरोजगारी वाढते आहे, म्हणून..."

"बघ, तुझाच विषय काढला!"

"...व्याजदरात पाव टक्का कपात."

सासूबाईंनी अशी आरोळी ठोकली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. सुनेचाच फोन उचलून त्या भाच्यांपासून विहिणीपर्यंत साऱ्या गोतावळ्याला बातमी सांगत सुटल्या. क्रेनवालीला तर काय करू नि काय नको असं झालं. काहीतरी करायचं म्हणून ती गॅलरीत कपडे वाळत घालू लागली.

शर्टांच्या बाह्या उजवीकडे फडफडत होत्या. क्रेनचा हात मात्र वाऱ्याला आडवा, ताठ उभा होता.

हातातला ओला शर्ट तिने तसाच बादलीत टाकला. म्हणजे वर कुणीतरी बसलंय! माझ्या खुर्चीत! पायात येतील त्या चपला अडकवून ती जिना उतरली. चपला सासूबाईंच्या निघाल्या, तरी थांबली नाही.

ती पोचली तेव्हा क्रेनची देखभाल करणारे फिटरकाका शिडीवरून उतरत होते.

"माझ्या जागी कुणाला बसवलंत?" ती भांडायच्याच तयारीने आली होती.

"कुणाला बसवणार? मीच ब्रेक तपासत होतो. आणि ताई, तुमचा फोन आहे की काय आहे? केव्हाचा बिझी! बिल्डरसाहेब म्हणाले, ती मिळत नसेल तर दुसरा ऑपरेटर बोलवा. आता त्यालाच लावणार होतो."

क्रेनवालीला हसू आलं आणि डोळेही भरले. शिडीपाशी इतके दिवस धूळ खात पडलेले आपले बूट झटकून तिने पायात घातले आणि ती शिडी चढली. खुर्चीत बसून तिने हात फिरवला, वाऱ्याला आडवा आणून ब्रेक लावला. खाली आपली गॅलरी दिसत होती, फडफडणाऱ्या बाह्या दिसत होत्या, आणि फोन कानाला लावून उभ्या सासूबाई.

वॉकीटॉकी खरखरला. "ताई, तुमच्या सासूबाईंचा फोन आलाय," फिटरकाका म्हणाले. "विचारतायत, वारा आहे का?"

"नाही म्हणावं," ती म्हणाली. "सांगा त्यांना, मी आहे."