आत्याबाईंची खाट

माझा पाय मोडला तो कोंबडी हाकलताना. वाघाशी झटापट झाली असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं.

प्लास्टर निघालं तेव्हा उन्हाळा तापला होता. आत पाय कसला, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी! भडगावच्या दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरीणबाईनं मला खुर्चीच्या कडेला बसवलं.

"आजी, हात छातीवर बांधा. पाय जमिनीला टेकवा. आता हात न लावता उभ्या राहा, मग सावकाश बसा. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"लहानपणी शाळेत गेले नाही, म्हणून आता उठाबशा का?"

ती काही हसली नाही. म्हणाली, "नाही केलं तर पाय उठायचं विसरतील. मग न्हाणीत जायलाही माणूस लागेल."

माझा पंडित धुळ्याला नोकरीला. त्याचे वडील गेल्यापासून गावात मी एकटी. चूल माझी, किल्ली माझी. पंडित म्हणाला, "माय, आखाजीच्या सणाला जीप घेऊन येतो. तू खाटेवरून हात न टेकता उठून ओट्यापर्यंत आलीस, तर राहा इथं. नाही जमलं तर सामान बांधू."

धुळ्याचं घर मी पाहिलंय. तिथं म्हातारीला कोपरा देतात आणि कोपऱ्यात सगळं हातात आणून देतात. प्रेमानं देतात, हेच तर वाईट.

जमिनीवरून मला उठवत नव्हतं, म्हणून जाताना त्यानं माळ्यावरची खाट खाली काढून दिली. ही खाट माझ्या सासूची, भिकुबाईंची. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंचा पाय नुसता मुरगळला होता. त्या या खाटेवर बसल्या आणि पुन्हा उतरल्या नाहीत. शेवटी गुडघे पोटाशी असे आखडले, की तिरडीवरही सरळ झाले नाहीत. पण घरात दरारा मरेपर्यंत त्यांचाच. मिश्री लावता लावता त्या खाकरल्या की सुनेनं उभं राहायचं, मग हातात पीठ असो की अंगावर पितं पोर. आणि सासूच्या खाटेवर तिच्या शेजारी सुनेनं बसायचं नाही. जन्मात नाही.

मी व्यायामाला लागले. काठीचा आधार घेतला की न्हाणीपर्यंत फरफटत जायचे. पण हात बांधले की मी म्हणजे कपाशीचं भरलेलं पोतं. शेजारची सुगंधाबाई भाकरी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अक्का, हाई काय करी ऱ्हायनी? कोनले हात जोडस?"

"तुझ्या नवऱ्याला. म्हटलं, त्याला अक्कल येऊ दे."

एका दुपारी गल्ली निजली होती. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं, नुसती गरम हवा दाराची कडी हलवत होती. मी हात बांधून बसले होते. तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. मिश्रीनं घसा खवखवल्यासारखं, कोरडं.

मी उभी होते.

मनाला कळायच्या आत पाय उठले होते. दारात पाहिलं तर ऊन, दुसरं कोणी नाही. मग माझ्या पाठीमागे खाटेच्या दोऱ्या करकरल्या, माणूस बसल्यावर करकरतात तशा. वळून पाहिलं तर दोऱ्यांना मधोमध खोलगा पडलेला. मी काठावर टेकले आणि खोलग्यात हात ठेवला. एवढ्या उन्हाळ्यात ती जागा माठाच्या बुडासारखी गार होती.

मग रोजचंच झालं. दुपारी खाकरा यायचा, मी उठायची, मागे दोऱ्या करकरायच्या. सुगंधाबाईच्या नवऱ्याला, वनाला बोलावून मी पायथ्याची दोरी ताणून घेतली. त्यानं तारेसारखी ताणली. संध्याकाळी पुन्हा ढिली. खोलगा माझ्या मापाचा नव्हता. आखूड होता, गुडघे पोटाशी घेऊन कोणी निजावं तसा. आणि सकाळी जाग यायची तेव्हा मी त्यात बरोबर मावलेली असायची. गुडघे हातांनी दाबून सरळ करावे लागायचे.

आत्याबाई मला उठवायला येतात की आपल्यासारखं निजवायला, ते काही समजेना.

मी नेट लावला. भिंतीला धरून टाचा उचलल्या, एका पायावर उभी राहिले. पाणी प्यायला काठीवाचून आपली आपण जाऊ लागले. पण हात बांधून खाटेवरून उठणं मात्र त्या खाकऱ्यावाचून एकदाही जमलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आखाजी आली, अक्षय्य तृतीयेचा सण. पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, चुलीत त्यांच्या नावानं घास टाकला. दुपारी पंडितची जीप ओट्याशी लागली. सुगंधाबाई आणि वना गंमत पाहायला उभे.

"चल माय," पंडित म्हणाला.

मी हात बांधले, पाय टेकवले. कान दाराकडे. दारात काहीच नाही. मी जोर केला. पोतं हललं नाही. पुन्हा केला. पाठीवरून घाम उतरला. पंडितनं मान खाली घातली आणि वनाला हळूच म्हणाला, "वनाभाऊ, वळकटी उचला."

"थांब रे! मढं नाही बांधायचं!" मी डाफरले.

तेवढ्यात खाट करकरली. मागे नाही, माझ्या डाव्या अंगाला. दोऱ्या दबल्या, मी त्या बाजूला कलले. मिश्रीचा वास आला. गार कोपर माझ्या कोपराला लागलं. खाकरा येणार कुठून? त्या आधीच आत येऊन बसल्या होत्या.

आणि मी त्यांच्या शेजारी, त्यांच्याच खाटेवर!

मी ताडकन उठले. हात छातीवर बांधलेलेच. उभी राहिल्यावर ते सोडले, डोक्यावरून पदर ओढला, उंबरा ओलांडला आणि ओट्यावर जाऊन थांबले. तोवर मागे पाहिलं नाही. समोर जीपचं टपर उन्हानं चकाकत होतं.

"शाबास वो अक्का!" सुगंधाबाई ओरडली.

पंडित घरातच होता. त्यानं रुमालानं डोळे पुसल्याचं मी दारातून पाहिलं. "जिंकलीस माय. जीपवाला एकटाच परत जाऊ दे, मीही राहतो दोन दिवस," असं म्हणत तो पाय मोकळे सोडायला खाटेकडे वळला.

"तिथं नको. खाली बस."

"का गं?"

"जागा नाही," मी म्हटलं.