गोम्बेचा हिरवा घास

विद्यापीठाच्या गोठ्यात चरबी धरायला लागलेल्या गोऱ्ह्यांना हिरवा चारा दाखवायचासुद्धा नाही, असा हिदाका सरांचा कडक नियम. हिरवं बंद केलं की मांसात चरबीची पांढरीशुभ्र जाळी धरते आणि जनावरांच्या प्रदर्शनात नंबर लागतो. जपानातल्या या मियाझाकीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, सरांच्या वर्गातल्या चिनात्सूला तर तोंडपाठ. पण पोरीने गोम्बेला जीव लावला आणि तिथेच सगळं बिघडलं.

वर्गाने वाढवलेला हा काळाकुळकुळीत गोऱ्हा. त्याला खरारा करायचं काम तिचं. एका संध्याकाळी तो पाण्याच्या हौदाला धडकला, दुसऱ्या दिवशी खांबाला. तिने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही!

"सर, याला दिसेनासं झालंय."

"हिरवं बंद केलं की जीवनसत्त्व कमी पडून होतं थोडं तसं. प्रदर्शनापर्यंत कळ काढ."

कसली कळ काढतेय! दुसऱ्या दिवसापासून ती भाताच्या बांधावरचं गवत जाकिटात लपवून आणू लागली. गोम्बे अधाशासारखा खायचा. हळूहळू तो हौद ओळखून वळू लागला, तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना.

एके सकाळी सरांना त्याच्या ओठाला चिकटलेली हिरवी काडी दिसली.

"कोणाचे उद्योग हे?"

"माझे, सर."

"अक्कल गहाण ठेवलीस का गं? अख्ख्या वर्गाची मेहनत मातीत घातलीस!"

"घातली. शेवटी कापायचाच आहे, मान्य. पण आधी आंधळा करून? मला नाही जमणार, सर."

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"प्रदर्शनातून याचं नाव कमी करतो. साध्या बाजारात जाईल. पण ट्रकवर तूच त्याला चढवायचंस. ऐन वेळी पळायचं नाही."

तो दिवस आला. चिनात्सूने वेसणीची दोरी धरली. ट्रकला लावलेल्या फळीपाशी गोम्बे थबकला. त्याला फळी दिसली, ट्रकातला अंधार दिसला. आंधळा असता तर तिच्या हाताच्या वासावर मुकाट चढला असता. आता मात्र त्याने खूर रोवले. मागे वर्गातली पोरं उभी होती. चिनात्सूला वाटलं, ही नजर मीच याला दिलीय. ती आधी फळीवर चढली आणि वळून उभी राहिली.

"चल रे राजा," ती म्हणाली.

गोम्बेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. समोर ती दिसली, म्हणून तो चढला.