दहाच छाप

आईचा नियम होता: एका पत्र्याचे दहाच छाप काढायचे, मग पत्र्यावर एक सरळ ओरखडा मारायचा. अकरावा निघता कामा नये. या शेवटच्या पत्र्याचे सात निघाले आणि ती गेली. महिन्याने उरलेले तीन लेकीने काढायला घेतले.

पत्रा होता युद्धात पडलेल्या शाळेच्या छपराचा, जस्ताचा. युद्ध संपलं तेव्हा जो तो मुठी आणि झेंडे छापत होता. आईने नुसते काळे चौकोन छापले. संग्रहालयाच्या संचालकांनी तेव्हा विचारलं होतं, "शाई सांडली का हो?" आज तेच संचालक दादाला घेऊन दारात उभे होते.

"वरचा तो पांढरा चंद्र!" ते दोरीवरच्या छापाकडे बोट दाखवत म्हणाले.

"खिळ्याचं भोक आहे ते," ती म्हणाली आणि तळहाताच्या कडेने शाई पुसत राहिली. आईसारखीच.

दहावा छाप पत्र्यावरून सोलून तिने दोरीवर टांगला. संचालकांनी हात पुढे केला.

"आता पत्रा आमच्याकडे द्या. पन्नास काढू. गावोगावी एकेक लागेल."

"दहा झाले."

"अगं, आईचंच नाव होईल ना," दादा म्हणाला. "नियम काय, माणूस असेपर्यंत."

"माणूस होतं तेव्हा तरी कुणी ऐकलं तिचं?"

तिने आईची टोकदार सळई उचलली, पत्र्यावर झुकली आणि सगळा भार देऊन ओढली. जस्त किंचाळलं. संचालकांनी डोळे मिटून घेतले.

"वेडी झालीस का?" दादा ओरडला.

पत्रा मेला याचा पुरावा म्हणून एक छाप काढायचा, हाही आईचाच नियम. तिने पुन्हा शाई भरली, ओला कागद ठेवला, यंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला तर ओरखडा उलट्या बाजूने आला होता, सगळ्या काळ्याहून काळा, आणि खिळ्याचं भोक कापून गेला होता.

संचालक कागदावर वाकले. "हा तरी द्याल?"

"नाही. हा घरचा."

दादा जवळ आला. हळूच म्हणाला, "आई रागावली असती."

"असतीच," ती म्हणाली. "रेघ वाकडी गेली म्हणून."