घोंगडीखाली

दीपमालाने तारेचे टोक बॅटरीच्या खुंटीवर बसवले आणि पाना तीनदा फिरवला. मग तार धरून जोरात ओढून पाहिली. हलली नाही. व्हॅनच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या, ट्रंकेएवढ्या फ्रिजमधून बारीक घरघर सुरू झाली.

"झालं का त्याचं जेवान?" बबिताने चुलीपासून विचारले. "आमच्यापरीस लाडाचा हाय बाई तुमचा फिरीज. येगळी बॅटरी, येगळी वायर."

"गाडीच्या बॅटरीवर चालवला तर संध्याकाळी गाडीच सुरू होणार नाही, वहिनी."

"मंग ऱ्हावा हितंच. भाकरी खावा, मेंढरं राखा."

फ्रिजवरचा आकडा चारवर होता. आत बुळकांडीच्या, मेंढरांच्या जीवघेण्या साथीच्या, लशीच्या दोन बाटल्या होत्या, पन्नास-पन्नास मात्रांच्या. बबिताचा नवरा भागवत याची मेंढरे ब्याण्णव. लिंबागणेशच्या पुढे, उत्तरेश्वर आण्णांच्या रानात त्याने खतासाठी मेंढरे बसवली होती. उद्या सकाळी सहाला आण्णांनी ठरवलेला भाड्याचा ट्रॅक्टर नांगरायला येणार होता. त्याआधी वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलायचा आणि डोंगरात शिरायचा. तिथे व्हॅन जात नाही, फोनही लागत नाही. म्हणजे लस आज टोचायची, नाहीतर महिन्याने. आजार मात्र दोन गावांच्या अंतरावर येऊन ठेपला होता.

लस टोचत फिरणाऱ्या दीपमालाचा हा या महिन्यातला नववा वाडा. पहिल्या दोन ठिकाणी मेलेली पिल्ले मोजताना तिचा हात थांबला होता. नंतर थांबेनासा झाला. ती आकडा लिहायची आणि पान उलटायची.

कडुनिंबाखाली, व्हॅनला अगदी लागून, भागवतची आई साखराबाई बसली होती. तिचा वेगळा कळप घाटनांदूरकडे होता. तीन आठवड्यांपूर्वी सहा दिवसांत तो सगळा गेला. तेव्हापासून ती लेकाच्या वाड्यावर होती आणि अशीच बसलेली होती.

"आजी, आम्ही ओढ्यापलीकडं जातोय. फ्रिजकडं जरा लक्ष ठेवाल?"

विचारायचे म्हणून तिने विचारले होते. साखराबाईने मान हलवली की नाही, ते कळले नाही.

ओढ्यापलीकडे चरणाऱ्या कळपातली एकेक मेंढी भागवत गुडघ्यांत धरायचा आणि दीपमाला तिचा ताप बघायची. ताप असलेल्या जनावराला लस द्यायची नसते. सात मेंढ्या तापलेल्या निघाल्या. त्यांच्या कपाळावर तिने निळा ठिपका काढला.

"रडली असती तर बरं झालं असतं," मेंढी सोडताना भागवत म्हणाला.

"कोण?"

"आई. चव्वेचाळीस जनावरं गेली. म्या गेलतो खड्डे खणायला. ही बांधावर उभी. एक शब्द न्हाई."

"जेवतात का?"

"ताट म्होरं ठिवलं तर खाती. न्हाई ठिवलं तर इचारत बी न्हाई."

तो पुढची मेंढी धरायला वाकला. दीपमालाने थर्मामीटर पुसला.

परत यायला दीड वाजला. कडुनिंबाची सावली सरकून पलीकडे गेली होती आणि व्हॅनच्या उघड्या दारातून ऊन थेट आत पडले होते. फ्रिज दिसत नव्हता. त्याच्यावर काळी घोंगडी दुहेरी घालून, चारी बाजूंनी खोचून, वरून काढणीच्या दोरीने आवळली होती.

बबिता धावत आली. तिचे हात पिठाने भरलेले होते.

"आवं, आत्या उठल्या! आपल्या आपून! म्या म्हनलं, कुठं निघाल्या? तर बोचक्यातनं घोंगडी काढली, आन् त्याला बांधत बसल्या. म्या बघतच ऱ्हायले."

भागवत आईकडे बघत राहिला. साखराबाई व्हॅनच्या पायरीवर बसली होती.

"ऊन आलतं त्याच्यावर," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता. "झाकलं. दुधाचं भांडं झाकतो आपन, तसं."

भागवत हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच असावे, कारण बबिताने त्याच्याकडे वळून पाहिले.

दीपमालाने काढणी सोडली. घोंगडीच्या आत हात घातला तेव्हा फ्रिजच्या बाजूची जाळी तव्यासारखी तापलेली होती. घरघर बंद होती. आतल्या थर्मामीटरवर सर्वांत जास्त तापमान नोंदलेले राहते, ते एकतीस होते. दोन्ही बाटल्या सकाळी दिसत होत्या तशाच दिसत होत्या. लस जिवंत आहे की मेलेली, हे बघून सांगता येत नाही. म्हणून नियम आहे, आणि नियमाने या बाटल्या बाद होत्या.

तिने झाकण लावले. समोर तिघेही उभे होते.

"लस खराब झालीय," ती म्हणाली. "माझी चूक. तार ढिली राहिली होती."

भागवतचे हसू जायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी?"

"फ्रिज बंद पडला. आज टोचता येणार नाही. बीडला जाऊन उद्या नवीन आणते. भांडार नऊला उघडतं, अकरापर्यंत पोचते मी इथं."

"अकराला आमी कुठं असू, म्याडम? सहाला टॅक्टर उभा ऱ्हातोय हितं!" त्याने हातातली काठी जमिनीवर आपटली. "सोळा-सतरा वर्सं शिकता तुमी लोकं. एक तार कशी काय बघता येत न्हाई? आन् तीन घंटे का म्हनून मला उनात मेंढरं धरायला लावली?"

 तो वाघरीकडे, मेंढरांभोवती लावायच्या जाळ्याकडे, गेला आणि तिच्या खुंट्या उपटायला लागला. आताच आवरून संध्याकाळी निघालेले बरे, असे काहीतरी तो स्वतःशीच बोलत होता.

तिने फ्रिजचे बटण दाबले. नवीन बाटल्या ठेवायच्या आधी तो थंड करून ठेवणे भाग होते, वाडा इथे असो वा नसो. जाळी उघडी पडल्यामुळे यंत्र निवले होते. थोड्या वेळाने घरघर पुन्हा सुरू झाली.

साखराबाई पायरीवरून उठली. तिने वाकून जाळीसमोर तळहात धरला.

"ही गरम हवा कशाची?"

"आतली गर्मी आहे, आजी. ती बाहेर टाकतो, तेव्हा आत गार होतं."

"आन् भाईर जायला वाट न्हाई ऱ्हायली तर?"

दीपमालाने पान्याची पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"तार ढिली होती, आजी."

साखराबाईने जाळीपासून हात काढला. तारेवर बोट ठेवून ती बॅटरीपर्यंत गेली. खुंटीपाशी तार मुठीत धरली आणि ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. बॅटरी जागची सरकली, तार निघाली नाही.

घोंगडी व्हॅनच्या दारात पडली होती. तिने ती उचलली, झटकली, घडी घालून बाजूला ठेवली. हे सगळे तिने इतके सावकाश केले की दीपमालाला ती पुन्हा खाली बसणार असे वाटले. कडुनिंबाखालची जागा मोकळीच होती.

"भागवत," साखराबाईने हाक मारली. "त्या पोरीला बोलू नगंस. म्या झाकलं म्हनून मेली ती लस."

भागवत हातात खुंटी धरून उभा राहिला. बबिताने पदराला हात पुसले आणि पुसतच राहिली.

"आत्या, तुमाला काय ठावं त्यातलं..."

"आता ठावं झालं." ती दीपमालाकडे वळली. "उद्या अकरा म्हनलीस?"

"हो. टोचायला दोन तास लागतील. आजी, तुमचा काही दोष..."

"म्हंजी दुपार."

साखराबाईने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. उत्तरेश्वर आण्णांचे घर रानाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी होते. ती तिकडे चालायला लागली.

"आई, म्या जातो की," भागवत म्हणाला. "आण्णा लई तिरसट मानूस हाय. टॅक्टर भाड्याचा, त्यो काय थांबायचा न्हाई."

तिने मागे पाहिले नाही. ढेकळांतून चालताना तिचा तोल दोनदा गेला. दोन्ही वेळा ती थांबली आणि पुन्हा निघाली. फ्रिजवरचा आकडा सव्वीस झाला, मग पंचवीस. दीपमालाला निघायला हवे होते. ती किल्ली हातात घेऊन उभी राहिली.

विहिरीपाशी कुणीतरी बाहेर आले. पांढरे धोतर दिसले. ती आकृती आणि साखराबाई समोरासमोर उभ्या राहिल्या. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हते. धोतरवाल्याने हात झटकला आणि तो घराकडे वळला. साखराबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचा हात वर गेला, वाड्याकडे झाला, खाली आला आणि पुन्हा वर गेला.

भागवतने डोळ्यांवर हाताची झापड धरली.

"काय चाललंय गं?"

बबिता थोडा वेळ बघत राहिली.

"भांडत्यात," ती म्हणाली, आणि उरलेल्या भाकरी थापायला बसली.

भागवतने एक दगड शोधला. उपटलेली खुंटी त्याने त्याच भोकात ठेवली आणि ठोकायला लागला.