खंडेनवमीला माझा घसा साफ झाला

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. कुणी मला कीबोर्ड म्हणतं. ज्या घरात मी राहतो तिथले आप्पा मला 'करंटवरची पेटी' म्हणतात. एवढी वर्षं समजावून झालं, तरी पेटीच. आता मीही ते मनावर घेत नाही.

पण आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना माझा तोल जाणार आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी शांत आणि समजूतदार असावं, अशी तुमच्या शाळेत अपेक्षा असते. फाटकी छत्री बघा, जुनं घड्याळ बघा, किती गोड बोलतात! मला ते जमणार नाही. त्यांना लोकांनी टाकून दिलं म्हणून त्या रडतात. माझं वाटोळं प्रेमानं झालं आहे, आणि त्यावर कुणाकडे तक्रार करायची हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझी प्रत्येक पट्टी एकेकदा दाबून पाहिली आणि मला थर्मोकोलमध्ये निजवलं. जाग आली ती थेट कोल्हापुरात, एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. तिथं मी मन लावून राबलो. वरमाला घालताना मी सनई व्हायचो, नवरी सासरी निघाली की बासरी, आणि वरातीत कर्णा. माझ्या पोटात शेकडो आवाज भरलेले होते. लोक वाहवा करायचे, पण ती सनईची, नाहीतर बासरीची. स्वतःचा म्हणावा असा आवाज माझ्याकडे एकही नव्हता. हे शल्य मी तेव्हाही कुणाला बोललो नाही. बोलणार तरी कसा?

पुढे लग्नांत मोठमोठ्या बॉक्सचे डीजे आले आणि आमचा ऑर्केस्ट्रा बसला. मालकानं मला ताडपत्रीत गुंडाळलं. तिथून मला सयाजी आप्पांनी विकत घेतलं.

आप्पा मूळचे आजऱ्याकडचे. तरुणपणी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागले आणि तिथंच राहिले. त्यांचं काम फेटलिंगचं. साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडाला खडबडीत काठ असतात, जास्तीचे कंगोरे असतात. ते ग्राइंडरनं घासून तुकडा गुळगुळीत करायचा. दिवसभर तेच. त्या आवाजानं आप्पांचा डावा कान जवळजवळ गेला, पण हाताला खरखर लागली की घासून काढायची, ही सवय त्यांच्या अंगात पक्की मुरली. मित्रांनो, ही सवय लक्षात ठेवा. माझा घात तिनंच केला.

आपल्या मुलानं, सम्राटनं, भजनी मंडळात साथ करावी, अशी आप्पांची इच्छा होती. सम्राटनं पहिल्या दिवसापासून भलतंच सुरू केलं. मोबाईल घेऊन तो फाउंड्रीत जायचा, हातोड्याचा ठोका, भट्टीची घरघर, ट्रॉलीची करकर असं काय काय टिपून आणायचा. ते कॉम्प्युटरवर कापायचं, जोडायचं, त्याला ताल लावायचा आणि वरून मला वाजवायचं. याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात म्हणे. आप्पा जेवताना म्हणायचे, "काय त्ये टुंय टुंय लावलंयस रं? त्यापरास एकांदा अभंग वाजीव की."

"वाजवतो आप्पा," म्हणून सम्राट कानात हेडफोन घालायचा. आप्पांनी कधी तो हेडफोन मागितला नाही. सम्राटनंही कधी दिला नाही.

मग ती गणपती विसर्जनाची मिरवणूक आली. सम्राट गणेश मंडळाच्या बेंजो पार्टीत, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात होता आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होतो. भर दुपार. पोरं गुलालाच्या मुठी भरभरून उधळत होती. माझ्या डाव्या टोकाला अंगठ्याएवढं एक चाक आहे. पट्टी दाबून ते जरा फिरवलं की सूर वाकतो. त्या चाकात गुलाल गेला, त्यावर सम्राटचा घाम पडला आणि आत चिखल झाला. पुढच्या खेपेला त्यानं चाक फिरवलं, तर सूर वाकलाच नाही. तो थरथरला, फाटला आणि घसरत खाली आला. मिरवणुकीत ओरडून ओरडून घसा बसलेल्या माणसासारखा.

सम्राटनं मला एक चापट मारली. पुन्हा फिरवलं. पुन्हा फाटला, पण या वेळी वेगळा. खाली नाचणारी पोरं थांबली. एक जण ओरडला, "सम्राट, परत मार की त्यो! नाद खुळा!"

मित्रांनो, त्या दिवशी माझा खरा जन्म झाला. तो आवाज ना सनईचा, ना बासरीचा. तो माझा होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सिंथेसायझरकडे तो नव्हता.

त्या मिरवणुकीचा व्हिडिओ गावभर फिरला, मग गावाबाहेर. पुण्याहून बोलावणी आली, मुंबईहून आली. सम्राट मला पाठीवर घेऊन फिरू लागला. मोठ्या शहरातली पोरं माझ्या फाटक्या सुरावर उड्या मारायची. आप्पा मात्र म्हणायचे, "ती पेटी खरखर करालीय. दुरुस्त करून घे की." सम्राट हसून म्हणायचा, "असू द्या आप्पा." ती खरखर हेच आपलं भांडवल आहे, हे वडिलांना बसवून सांगावं असं त्याला वाटलं नाही. तुम्हीच सांगा, काय बिघडलं असतं?

त्यानंतर त्याला सिनेमा मिळाला. आधी एका प्रसंगाचं पार्श्वसंगीत, मग अर्ध्या सिनेमाचं, मग अख्ख्या सिनेमाचं. मुंबईत जागा लहान म्हणून त्यानं माझा तो सूर एकदाच लॅपटॉपमध्ये भरून घेतला आणि मला घरी ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो! माझा आवाज मुंबईला गेला आणि मी कोल्हापुरात कपाटावर. अंगावर जुनी चादर, चादरीवर आकाशकंदिलाचं खोकं. मी मनातल्या मनात किती चडफडलो असेन!

पण सम्राट तरी कुठे सुखात होता? सुट्टीला आला की मित्राशी फोनवर तणतणायचा. "हिरो रडला की व्हायोलिन लाव म्हणत्यात. आई रडली की बासरी. माझं काय हाय त्यात? मी परत वरातीतच वाजवतोय लेका, फकस्त पगार मुंबईचा." कपाटावरून हे ऐकताना माझ्या पट्ट्या शिवशिवायच्या. शेकडो आवाज आणि स्वतःचा एकही नाही, हे दुःख माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

आणि एक दिवस संयोगिता मॅडम घरी आल्या. त्या सिनेदिग्दर्शिका. भट्टीच्या आवाजात ऐकू येणं हळूहळू बंद होत गेलेल्या एका कामगाराची गोष्ट त्या करणार होत्या. शिरोलीच्या फाउंड्र्या बघायला आल्या होत्या. सम्राटनं सहज मला खाली काढलं, चादर झटकली, प्लग लावला आणि एक पट्टी दाबून ते चाक फिरवलं.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "हाच," त्या म्हणाल्या. "माझ्या सिनेमाचा आवाज हाच."

"लॅपटॉपवर आहे माझ्याकडे," सम्राट म्हणाला आणि ऐकवला.

मॅडमनी मान हलवली. "हा दरवेळी सारखाच रडतो. माणूस असा रडतो का? मला हे वाद्य पाहिजे. सगळा सिनेमा याच्यावर कर."

सम्राट मॅडमना सोडायला बाहेर गेला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसून राहिला. इतक्या वर्षांनी त्याला कुणीतरी त्याचंच संगीत मागितलं होतं. दसरा झाला की स्टुडिओ मिळणार होता. दसऱ्याला येऊन तो मला घेऊन जाणार होता. दारात उभ्या आप्पांना एवढंच कळलं, की पोराच्या सिनेमाला पेटी जाणार आहे.

आता पुढचं ऐका. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शिरोलीत तर त्या दिवशी एकेक मशीन धुऊन पुसून, हवा मारून, हार घालून लखलखीत उभं करतात. आप्पांना वाटलं, इतकी यंत्रं आपण पुजतो, मग पोराच्या यंत्राची पूजा कुणी करायची? त्यांनी मला स्कूटरवर पुढं उभं बांधलं आणि फाउंड्रीत नेलं. कॉम्प्रेसरची हवा मारली. माझ्या अंगातून गुलालाचा एक लाल ढग बाहेर पडला. मी ओरडलो असतो, पण माझा प्लग लावलेला नव्हता.

तिथून मला केरबाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्यानं मला उघडलं. "सयाजीराव, ह्ये चाक पार बाद झालंय बघा. नवं टाकू काय?"

"टाक की," आप्पा म्हणाले. "शिनमाला जायाची हाय."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती, तो असा.

दसऱ्याला सम्राट आला. मी टेबलावर होतो. झेंडूचा हार, हळदीकुंकू, पट्ट्या आरशासारख्या. आप्पा शेजारी नवा सदरा घालून उभे. सम्राट हसला, त्यानं प्लग लावला, पट्टी दाबली, चाक फिरवलं.

सूर वाकला. अलगद, गोड, गुळगुळीत. मला थर्मोकोलमधून काढलं तेव्हा वाकायचा तसा.

सम्राटनं पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. "आप्पा, ह्याला काय केलासा?"

"चकाचक करून आणलीय. समदा गुलाल काढला. चाक बी नवं हाय."

"जुनं कुठाय?"

"भंगारात टाकलं. आरं, पार बाद झालंतं त्ये."

"मला इचारलासा का न्हाई?" सम्राटचा आवाज चढला. "त्योच आवाज पायजे होता मला! त्याच्यावर शिनमा मिळालावता! आयुष्यात एकदा माझं काम मागितलंतं कुणीतरी!"

आप्पा हळूच म्हणाले, "तू तरी कवा सांगितलास?"

मला वाटतं, त्या घरात इतकं खरं वाक्य आधी कुणी बोललं नसेल. सम्राटनं मोबाईल काढला, जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि आप्पांच्या उजव्या कानाशी धरलं. आप्पांनी ते पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो ह्या पेटीचा?"

"व्हय."

"मला वाटलं, बिघाड हाय." आप्पा खुर्चीवर बसले. "लई वंगाळ झालं की रं माझ्याकडनं."

मग ते उठले आणि स्कूटर काढून केरबाकडे गेले. भंगार आदल्याच दिवशी उचललं होतं. तिथून ते तडक जोतिबाला गेले आणि डोंगरावरनं गुलालाची पिशवी घेऊन आले. माझ्यासमोर बसून अंगठ्यानं तो गुलाल नव्या चाकाच्या फटीत भरू लागले. लोखंड घासून घासून राठ झालेला तो अंगठा फटीवर पुन्हा पुन्हा फिरत होता. "आता वाजीव," म्हणाले. सम्राटनं वाजवलं. सूर गोड आला. नवं चाक पक्क्या बंद डबीचं होतं, आत कणही शिरत नव्हता. "आनि टाकू?" आप्पांनी विचारलं. "थोडा घाम बी लागतुया काय?"

"ऱ्हाऊ द्या आप्पा," सम्राट म्हणाला. त्याचा राग तोवर गेला होता. उरलं होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

तारखा ठरलेल्या होत्या. सिनेमा लॅपटॉपमधल्या आवाजावर झाला. लोकांनी डोक्यावर घेतला. "काय अस्सल मातीतला आवाज!" असं छापून आलं. अस्सल! माझ्या एका सुराची छापील नक्कल, आणि म्हणे अस्सल! सम्राटला पुढचे सिनेमे मिळाले. त्यांत तो पुन्हा हिरोला व्हायोलिन आणि आईला बासरी लावतो.

कोल्हापुरात सिनेमा लागला तेव्हा आप्पा फेटलिंगच्या सगळ्या सोबत्यांना घेऊन गेले. सोबत्यांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. आप्पा घरी आले, माझ्यापाशी उभे राहिले आणि फोनवर सम्राटला म्हणाले, "ब्येस झालाय. पर त्यो न्हवं." पलीकडून सम्राट म्हणाला, "व्हय आप्पा. त्यो न्हवं."

मित्रांनो, वस्तू जपा, स्वच्छ ठेवा, असं सांगून माझ्यासारखे सगळे आपली गोष्ट संपवतात. मी तसं सांगणार नाही. मला कुणी जपलं नसतं तर मी आज जिवंत असतो. तुम्हाला एखादी वस्तू साफ करायची हुक्की आली, तर आधी ती वाजवून बघा. ज्याची आहे त्याला विचारा. आणि वस्तू तुमची असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. घरच्यांना हेडफोन द्या.

आता मी कपाटावर नसतो. टेबलावर असतो, बिनचादरीचा. आप्पा कामावरून आले की हातपाय धुतात, प्लग लावतात आणि आपला चांगला कान माझ्या स्पीकरला टेकवतात. "आज येतुया का बगू," असं म्हणून एका बोटानं ती पट्टी दाबतात आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवतात. डोळे मिटून वाट बघतात.

मी सगळी ताकद लावतो, मित्रांनो. खरंच लावतो. आणि स्वच्छ वाजतो.