कोरियाच्या गिटारीचा नंबर

तलमडुगूचे बाबाराव आदिलाबादच्या कापूस मार्केटात नंबर लावायचे. गाडी आली की हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला एक पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि बोलायचं: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर तीन. बोललेला नंबर बावीस वर्षांत एकदाही बदलला नव्हता. खुद्द सासऱ्याच्या कापसालाही त्यांनी तीन नंबर लावला होता. पुढे सासरे वारले. नंबर तसाच राहिला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चात अशा माणसापुढे गिटार आली.

गिटार गावातल्याच खुशालची. तो चार वर्षं सौदीला एका कोरियन कंपनीच्या रस्त्यावर डांबर टाकत होता. येताना सगळ्यांनी टेपरेकॉर्डर आणले. यानं गादीत गुंडाळून गिटार आणली. त्याला ती वाजवता येत नव्हती. वाजवता यायची फक्त पेटी, आणि गावात पेटी एकच होती, बाबारावांच्या घरी. ती ताराबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. त्यांची गायन पार्टी दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला गायची. मागच्या वर्षी मुधोळच्या पार्टीनं बँजोला वायर जोडून आणली होती आणि त्या आवाजात ताराबाईंचं गाणं पार बुडालं होतं. तेव्हापासून त्या बुडालेल्याच होत्या.

म्हणून ठरलं, पेटी द्यायची आणि गिटार घ्यायची. अट एकच. आधी बाबारावांनी नंबर लावायचा. एक नंबर निघाली तर सौदा, नाहीतर पेटी घरीच.

बाबारावांनी जन्मात गिटार पाहिली नव्हती. पण हे चारचौघांत सांगणं शक्य नव्हतं, कारण चारचौघे हजर होते. त्यांनी गिटार बाजेवर आडवी केली आणि सवयीनं हात आत घालायला गेले. आत जायला जागाच नव्हती.

"पोकळ नाई हे. मंग आवाज राह्यते कुठी?"

"करंटात राह्यते, भाऊ," दौलत म्हणाला. दौलत पार्टीचा बँजोवाला, लाउडस्पीकरही त्याचाच. गिटार आली तर तीही त्याच्याच गळ्यात पडणार होती.

बाबारावांनी डोक्याकडचा भाग पाहिला. वळणदार इंग्रजीत कोण्या तरी साहेबाचं नाव होतं. उलटी केली. मागे बारीक अक्षरांत काही तरी होतं. ताराबाईंनी लावून लावून वाचलं: मेड इन कोरिया.

"गोणीवर नाव एकाचं, अन् माल दुसऱ्याचा," बाबाराव म्हणाले आणि दौलतकडून पेचकस मागून घेतला. मागची पट्टी काढून त्यांनी भोकात निरखून पाहिलं. वरून आरशासारखी गुळगुळीत, आत लाकडाचे पदरावर पदर चिकटवलेले.

कापसात वर चांगला आणि आत भलताच भरला की त्याला मिसळ म्हणतात. बाबाराव चोराला एक वेळ चहा पाजतील, मिसळवाल्याला पाणी नाही.

"मिसळ. दोन नंबर."

 खुशाल गादी पसरून गिटार गुंडाळायची तयारी करू लागला.

"अवो, वाजवल्याबिगर कसा लावला नंबर?" ताराबाई म्हणाल्या.

"कापूस वाजवते का कोणी?"

"हा कापूस हाय का?"

 हा प्रश्न बावीस वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

दौलतनं लाउडस्पीकरचं मशीन लावलं. गिटारीची पीन माइकच्या भोकात बरोबर बसली. भोंगा होता कडुलिंबाच्या शेंड्यावर, समाजमंदिराच्या पलीकडे. दौलतनं सगळ्यात जाड तार एकदा ओढून सोडली.

तार इथं हलली आणि आवाज झाडातून आला. कावळे उठले. आवाज घरांवरून, कापसाच्या पऱ्हाटीवरून गेला आणि गेला तरी संपेना. बाबाराव एकदा गिटारीकडे, एकदा झाडाकडे बघत राहिले. त्यांनी गिटारीच्या पाठीवर तळहात ठेवला. लाकूड थरथरत होतं. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली, बरोबर जिथपर्यंत ते कापसात हात घालत तिथपर्यंत. त्यांनी मनात आकडे मोजले. एकोणीस झाले तरी लाकूड बोलतच होतं.

एवढ्यात भोंगा ऐकून शेजारच्या विठाबाई पिशवी घेऊन आल्या. "रेशनची साखर आली का?"

"नाई व मावशी. गिटार हाय."

"किती किती देऊन राह्यले?"

 बाबारावांनी गिटारीची मान डोळ्यासमोर धरली, सुतार गाडीची दांडी बघतो तशी. मान सरळ होती. मग त्यांनी खिशातून कापसाचा पुंजका काढला. तो खिशात कायमच असायचा, दुसऱ्यांच्या खिशात रुमाल असतो तसा. मानेवर पितळेसारख्या एकवीस बारीक पट्ट्या बसवलेल्या होत्या. म्हणजे दोन्ही कडांना मिळून बेचाळीस टोकं. त्यांनी पुंजका एका कडेवरून वरपासून खालपर्यंत ओढला, मग दुसऱ्या कडेवरून. जरा कुठं खरखर असती तर धागा अडकलाच असता.

बेचाळीस टोकांवर एक धागा अडकला नाही.

बाबाराव खाली बसले.

"हे कोणी घासलं?"

"आमच्या सुपरवायझरची बहीण," खुशाल म्हणाला. "तिकडं कारखान्यात हेच काम करते म्हणे. सकाळपासून सांजेपर्यंत फक्त टोकं घासते. गिटार देताना त्यानं सांगतलं होतं, इकशीन तर पारख असलेल्या माणसाले इक. मले वाटलं, थापा मारून राह्यला."

"तिले वाजवता येते का?"

"नाई म्हणे."

बाबारावांनी पुंजका परत खिशात ठेवला. "मिसळ नावात हाय," ते म्हणाले. "तिच्या हातात नाई." मग त्यांनी नंबर लावला: "एक नंबर."

दौलतनं मशीन बंद केलं. "भाऊ, तुमी नंबर बदलला."

"बदलला."

ताराबाईंनी पेटी स्वतः उचलून खुशालच्या मांडीवर ठेवली.  त्यानं भाता ओढला आणि चार वर्षांनी पहिला सूर धरला, तोही चुकीचा.

सोमवारी मार्केटात गाड्यांची रांग नेहमीपेक्षा लांब होती. बातमी मावला गावाच्याही पुढे गेली होती. पहिल्याच गाडीला बाबारावांनी तीन नंबर लावला. गाडीवाला खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, एकदा वाजवून पाहा ना."

मागची सगळी रांग हसली.

बाबारावांनी हात पुन्हा कोपरापर्यंत आत घातला, पुंजका काढला, कानाशी नेला आणि ओढला. रांग गप्प झाली. कापूस तुटताना अगदी बारीक आवाज करतो, हे त्यांना बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

"तीनच हाय," ते म्हणाले आणि दुसरा पुंजका काढून पुन्हा कानाला लावला.